यंत्राचा कान

कर्जत-खालापूरच्या मातीत सोने नाही. सह्याद्रीच्या पायथ्याचा हा सारा मुलूख सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्हारसाचा. सोन्याच्या शिरा सापडतात त्या याहून कितीतरी पुरातन खडकांत. कोलारला, रायचूरकडच्या हट्टीला, थोड्याफार आपल्या विदर्भात. तिकडचे सोनझारी लोक पिढ्यान्‌पिढ्या नदीची वाळू धुऊन कण वेचत आले. आमच्या उल्हास नदीची वाळू कितीही धुतली तरी हाती उरेल ती काळी लोहयुक्त रेतीच. असे असूनही माझा भाचा एका नाताळात मेलबर्नहून आला तो सोने शोधण्याचे यंत्र घेऊन, आणि आठ दिवस त्याने ते आमच्या भातखाचरांतून फिरवले.

कारण होते त्याच्या आईची, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची, लग्नातली अंगठी. १९९६ च्या आवणीत ती चिखलात गेली. पावसाने बोटे आकसली होती, रोपांच्या जुड्या सोडताना केव्हातरी निसटली असावी. बहिणीच्या शेजारी ओळीत वाकलेली बाई जवळच्या कातकरी वाडीवरची होती. वर्षानुवर्षे आमच्या शेतावर येणारी. बहिणीने तिच्याकडे बोट दाखवले नाही. पण बांधावर उभे राहून पाहणाऱ्यांनी दाखवले. 'झडती घ्या' असे कोणी म्हणाले. झडती झाली नाही. ती बाई मात्र दुसऱ्या दिवसापासून आली नाही. बहीण दोनदा वाडीवर जाऊन आली. दिवाळीनंतर ते कुटुंब वीटभट्टीवर निघून गेले, आणि गावात कुजबुज तेवढी राहिली.

भाच्याला हा नाद व्हिक्टोरिया राज्यात लागला. तिथे सरकारी परवाना घेतला की सामान्य माणसालाही ठरलेल्या जमिनींवर सोने शोधता येते. त्या मातीची कीर्तीही तशीच. १८६९ मध्ये मोलियागुल येथे दोघा खाणकऱ्यांना सत्तर किलोंहून जड सोन्याचा गोळा जवळजवळ पृष्ठभागावरच मिळाला. १९८० मध्ये किंगॉवर गावाजवळ केविन हिलियर याच्या धातुशोधकाने हातभर खोलीच्या आतच सत्तावीस किलोंचा गोळा दाखवला. त्याचे नाव पडले 'श्रद्धेचा हात'. पुढे तो लास वेगासच्या एका जुगारगृहाने विकत घेतला, हे श्रद्धेच्या वाट्याला आलेले विचित्र प्राक्तन!

यंत्राचे तत्त्व साधे आहे. दांडीच्या टोकाशी थाळीएवढे कडे, त्यात तांब्याच्या तारेची वेटोळी. त्यांतून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा प्रवाह सोडला की चुंबकीय क्षेत्र जमिनीत शिरते. वाटेत धातू आला तर त्यात विद्युत्प्रवाहाचे भोवरे उठतात, आणि त्यांचा क्षीण प्रतिसाद दुसरे वेटोळे टिपते. कानाला लावलेल्या श्रवणयंत्रात एक मंद गुंजन अखंड चालू असते. धातू आला की ते चढते. सोने फारच बारीक असेल तर नुसते किंचित थरथरते. सारी कसोटी ती थरथर ऐकू येण्याची.

आणि आमच्या शेतात गोंगाट किती! पूर्वेच्या कडेने अकरा हजार व्होल्टची वीजवाहिनी जाते, कोपऱ्यात डीपी आहे, पलीकडे पाण्याचे पंप. पहिल्या दिवशी यंत्र तापलेल्या तव्यावरच्या पाण्यासारखे तडतडत होते. भाच्याने आधी सर्वांचे मोबाइल घरी ओट्यावर ठेवायला लावले. मग कडे कमरेइतके उचलून स्थिर धरले व हळूहळू फिरवून पाहिले. तारांकडे एका अंगाने धरले की तडतड वाढे, दुसऱ्या अंगाने ओसरे. त्यानंतर यंत्राची वारंवारता केसभर इकडे, केसभर तिकडे सरकवत त्याने सर्वांत शांत जागा शोधली. तरीही उरलेल्या आवाजासाठी संवेदनक्षमता दोन पायऱ्या खाली आणली. मला वाटले, मग शोध उथळच होणार. तो म्हणाला, "मामा, सतत ओरडणाऱ्या यंत्रात बारीक आवाज मरतो. थोडे कमी ऐकणारे पण शांत असलेले बरे."

बाहेरचा गोंगाट सरला तरी मातीचा स्वतःचा आवाज उरतोच. आमच्या काळ्या कातळात लोहाचे चुंबकीय खनिज भरपूर. दोरीला लोहचुंबक बांधून माती ओलांडा, मिशांसारखी रेती चिकटते. यंत्र तिलाही धातू समजते. म्हणून निर्धोक जागा पाहून कडे जमिनीकडे न्यायचे, वर उचलायचे, आणि गुंजन दोन्ही वेळा सारखे राहीपर्यंत कळ फिरवत बसायचे. खाचरातल्या काळ्या मातीसाठी जुळवलेले यंत्र बांधावरच्या तांबूस मुरमावर पुन्हा बिघडे. पुन्हा जुळवणे आले.

शेवटी एक कळ असते निवडीची. तिला मी 'विवेक' म्हणेन. संत इग्नेशियसच्या साधनेतला हा शब्द यंत्राच्या अंगावर सापडेल असे वाटले नव्हते. ती फिरवली की खिळे, कोयत्याचे तुकडे असला कचरा यंत्र गप्पपणे ओलांडते. गोम अशी की लहानशी सोन्याची अंगठी आणि गोळ्यांच्या पाकिटाची चंदेरी पट्टी यांचा आवाज जवळजवळ सारखा. कचरा नको म्हणून विवेक वाढवाल तर अंगठीही त्याच्याबरोबर गप्प होईल. भाच्याने ती कळ जवळपास शून्यावर ठेवली आणि वाजेल ते सारे खणायचे ठरवले.

बहिणीचा या उद्योगाला विरोध होता, आणि तिचा मुद्दा मला आजही बिनतोड वाटतो. ती म्हणाली, "अंगठी मिळाली तर ठीक. नाही मिळाली तर लोक काय म्हणतील? मशीनलाही मिळाली नाही, म्हणजे तिनेच नेली." यंत्राचे मौन हा पुरावा ठरणार होता, तोही उत्तर द्यायला जी आता हयात नव्हती तिच्याविरुद्ध.

मौनाचे असे अर्थ इतिहासात लावले गेले आहेत. १८८१ च्या जुलैत अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली तेव्हा शरीरातली गोळी शोधायला टेलिफोनचे जनक ग्रॅहॅम बेल असेच एक यंत्र घेऊन आले. खाटेच्या गादीतल्या पोलादी तारांनी त्यांचा घोटाळा केला. शिवाय गोळी उजवीकडे आहे असे डॉक्टरांनी आधीच ठरवले असल्याने यंत्र फिरले ते त्याच बाजूला. सप्टेंबरात गारफील्ड वारले. शवविच्छेदनात गोळी डावीकडे निघाली.

पाच दिवसांत निघाले ते असे : नांगराचा झिजलेला फाळ, बैलाचा नाल, बाटल्यांची झाकणे, चंदेरी पट्ट्यांचा ढीग. सहाव्या दिवशी देखभालीसाठी सकाळपासून वीज बंद होती. गाव कुरकुरत होते. भाचा मात्र न्याहारी टाकून धावला. तारांखालची जी पट्टी एरवी ऐकूच येत नसे ती त्या चार तासांत मठासारखी शांत झाली. बांधाच्या पोटात गुंजन चढले. वीतभर खणल्यावर ढेकळात वेटोळे दिसले, आणि आम्ही दोघेही श्वास रोखून खाली बसलो.

ते गिलटाचे जोडवे होते. एका बाजूने झिजून कागदासारखे झालेले. आमच्या घरात गिलट कोणी घालत नव्हते.

बहिणीने ते पदराने पुसून बराच वेळ हातात धरले. "हे हरवले तेव्हा कोणी शोधले नसेल," एवढेच म्हणाली. संत लूकच्या शुभवर्तमानातली बाई एका नाण्यासाठी दिवा लावून घर झाडते. या जोडव्यासाठी आवणी थांबली नव्हती. त्या संध्याकाळी ती स्वतः वाडीवर गेली. जोडवे बायकांच्या हातांतून फिरले; कोणाला ओळखता आले नाही. त्या बाईच्या सुनेने ते ठेवून घेतले. अंगठीविषयी कोणी काही विचारले नाही, बहिणीनेही बोलणे काढले नाही.

दुपारीच वीज आली होती. तारांखालची अर्धी पट्टी राहिली, आणि भाच्याची रजा संपली. रविवारी मिस्सा आटोपून आम्ही बाहेर पडलो तेव्हा बांधाला बांध असलेल्या शेजाऱ्याने विचारलेच, "काय बाई, मिळाली का मग अंगठी?"

बहीण म्हणाली, "नाही. मशीनला ऐकू आली नाही."