लोणी भापकरच्या वाटेवर अर्धा तास

बारामती म्हटले की ऊस, कालवा आणि साखर कारखाने डोळ्यांसमोर येतात. पण ही तालुक्याची एक बाजू झाली. नीरा डाव्या कालव्याचे पाणी जिथे पोहोचले तो भाग बागायती. त्याच्या वरच्या अंगाला मोरगाव-सुप्याकडचा भाग जिरायती. पाऊस बेताचा, रान माळाचे, पीक ज्वारी-बाजरीचे. लोणी भापकर हे या जिरायती पट्ट्यातले जुने गाव.

गाव पाहण्यासारखे आहे. यादवकालीन म्हणून ओळखले जाणारे मल्लिकार्जुनाचे दगडी मंदिर आणि त्याची चौकोनी पुष्करणी पाहायला लांबून अभ्यासक येतात. पुष्करणीच्या भिंतींत कोरलेले कोनाडे, खाली उतरणाऱ्या पायऱ्या, चुना न वापरता बसवलेले चिरे पाहिले की ज्या कारागिरांनी पाण्यासाठी एवढे कष्ट घेतले, त्यांच्या लेखी पाणी किती मोलाचे होते ते कळते. काळभैरवनाथाचे मंदिर, वीरगळ आणि यज्ञवराहाची मूर्ती यांचीही इतिहासाच्या अभ्यासकांना ओळख आहे. जवळच्या मोरगावच्या गणपती मंदिराला चार कोपऱ्यांत मिनार आहेत. लांबून पाहणाऱ्याला ती मशीद वाटावी, असे अनेकांनी लिहिले आहे. या मुलखातल्या लोकांनी एकमेकांचे हात आणि नजर किती सहज उचलली, याची ती खूण आहे.

या पट्ट्यातल्या बहुतेक गावांत मुलाणी, तांबोळी, आतार, शेख अशी आपली थोडीफार घरे असतात. बोलणे मराठी, घरात दखनी, शेतीभाती आणि छोटा धंदा. अशाच एका नात्यातल्या घरी थंडीत चार दिवस राहायचा योग आला. घरातल्या आपांना नऊ वर्षांपासून शुगर. वजन वाढलेले, गुडघे दुखतात. डॉक्टरांनी गोळ्यांबरोबर रोज चालायला सांगितलेले.

“आपा, चालता का मग?” मी विचारले.

“अगं, दिवसभर घरात काय कमी चालते का मी? चुलीपासून गोठ्यापर्यंत शंभर फेऱ्या होतात.”

सूनबाई हळूच म्हणाली, “अम्मी, मी येते ना तुमच्याबरोबर.”

“आणि लोक काय म्हणतील? सकाळी सकाळी सासू-सुना निघाल्या कुठं?”

या दोन वाक्यांत आपल्या कितीतरी घरांची कहाणी आली. घरातली कामे म्हणजे व्यायाम, हे पहिले. बाईने विनाकारण रस्त्यावर दिसू नये, हे दुसरे.

पहिले आधी पाहू. घरकामात अंग दमते हे खरेच. पण त्या फेऱ्या तुकड्या-तुकड्यांच्या असतात. दहा पावले चालले, थांबले, वाकले, बसले. हृदयाची गती आणि श्वास वाढून तो काही वेळ टिकला पाहिजे, ते यात घडत नाही. सलग चालण्याचे मोल जगाला कळले त्यात लंडनच्या बसगाड्यांचा वाटा आहे. डॉ. जेरी मॉरिस यांनी 1953 मध्ये तिथल्या दुमजली बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना प्रसिद्ध केली. दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिना चढ-उतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता.

आपल्या शरीराची आणखी एक गोष्ट आहे आणि ती पुण्यातूनच जगापुढे गेली. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचे उंचीच्या मानाने वजन अगदी सारखे होते. पण मोजले तेव्हा युडकिन यांच्या अंगात सुमारे 9 टक्के चरबी निघाली आणि याज्ञिकांच्या अंगात सुमारे 21 टक्के. 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा फोटो या आकड्यांसह छापून आला. सडपातळ दिसणाऱ्या भारतीय माणसाच्याही पोटात चरबी लपलेली असते, असा त्याचा अर्थ. म्हणून वजनकाट्याबरोबर कंबरेला टेप लावावा. आपल्याकडे बाईची कंबर 80 सेंटिमीटरच्या आणि पुरुषाची 90 च्या वर गेली की सावध व्हायचे.

आता दुसरे, रस्त्यावर दिसण्याचे. जिरायती गावातल्या आपल्या आया-आज्या काय घरात बसून होत्या? 1972 च्या दुष्काळात या भागातल्या बायका खडी फोडायला, रस्त्याच्या कामावर मैलोगणती पायी गेल्या. डोक्यावर हंडा घेऊन विहिरीच्या खेपा तर रोजच्याच होत्या. तेव्हा कोणी विचारले नाही, की या निघाल्या कुठे. पाणी नळाने दारात आले, टँकर आला, घरात मोटारसायकल आली. कष्ट हलके झाले हे चांगलेच झाले, अल्लाहचे शुक्र. पण त्या कष्टाबरोबर बाईची वाटही गेली. पुरुष निदान नमाजला मशिदीपर्यंत जातात, तेही गाडीला किक मारून गेले नाहीत तर. बाईला मात्र उंबऱ्याबाहेर पडायला आता कारण उरलेले नाही.

खरे तर कारण शोधायला फार लांब जायला नको. हज-उमराहमधली सई म्हणजे पाण्यासाठी धावलेल्या एका आईची आठवण. हजरत हाजरा तान्ह्या बाळासाठी सफा आणि मरवा यांच्यामध्ये सात वेळा गेल्या. आजही पुरुष असो वा स्त्री, प्रत्येक हाजी त्या वाटेने चालतो. सातही फेऱ्या मिळून तीन किलोमीटरच्या वर अंतर होते. पैगंबर (स.) आणि हजरत आयशा (रजि.) यांच्या शर्यतीची हदीसही अनेकांना ठाऊक असेल. एकदा आयशा (रजि.) जिंकल्या. पुढे त्यांचे अंग भरल्यावर पुन्हा शर्यत झाली तेव्हा पैगंबर (स.) जिंकले आणि ही त्या मागच्या शर्यतीची फेड, अशा अर्थाचे म्हणाले. ज्या घराचा आदर्श आपण सांगतो, त्या घरात पती-पत्नी मोकळ्या रानात धावले होते. मग लोणी भापकरच्या रस्त्यावर सासू-सुनेने अर्धा तास चालण्यात अदब कुठे कमी होते?

हे सगळे आपांशी बोलून झाले. दुसऱ्या दिवशी फजरनंतर उजाडताच आम्ही तिघी निघालो. घड्याळ लावून दहा मिनिटे सरळ जायचे आणि तिथून परत फिरायचे, एवढेच ठरवले. हवेत गारवा होता, दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती. समोरून दूध घालायला निघालेले एक आजोबा आले. “काय पाहुण्या, फिरायला?” एवढेच विचारून पुढे गेले. लोक काय म्हणतील याचे उत्तर तिथेच मिळाले.

आता हिशेब खरा सांगायला हवा. सत्तर किलोच्या माणसाने अर्धा तास झपाझप चालले तर साधारण 120 ते 140 कॅलरी खर्च होतात. घरी येऊन गोड दुधाचा चहा आणि चार बिस्किटे घेतली की त्या भरून निघतात. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने 7,700 कॅलरी. म्हणजे ताटात काही वाढवले नाही तर नुसत्या चालण्याने महिन्याला अर्धा किलोच्या आसपास उतरेल. साखर, तेल आणि भाताचा डाव कमी केला तरच त्याहून जास्त. पण काटा हलला नाही तरी चालणे वाया जात नाही. जेवणानंतर पंधरा मिनिटे चालले तरी रक्तातली साखर कमी चढते.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. म्हणजे पाच दिवस अर्धा तास. बोलता यावे पण गाता येऊ नये, इतका वेग ठेवावा. गुडघे दुखत असतील तर दहा मिनिटांपासून सुरुवात करून दर आठवड्याला थोडे वाढवावे. शुगर असणाऱ्यांनी अनवाणी किंवा सैल चपलेवर चालू नये, बंद मऊ बूट घालावेत आणि रोज रात्री तळपाय पाहावेत. इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या चालू असतील तर उपाशीपोटी चालण्याबद्दल डॉक्टरांना विचारावे. बुरख्याचा घेर पायात अडकणार नाही इतका ठेवावा. उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्या अरुंद रस्त्याने येतात, म्हणून उजव्या कडेने, समोरचे वाहन दिसेल असे चालावे. छातीत दाटले, चक्कर आली तर थांबावे आणि डॉक्टरांकडे जावे.

आणि एक काम घरातल्या पुरुषांचे. सकाळचा तो अर्धा तास चहा तुम्ही ठेवा, मुलांना तुम्ही उठवा. गोळ्यांचे पैसे आपण बिनतक्रार देतो; त्याबरोबर घरातल्या बाईला रोजची तीस मिनिटेही द्या.