पोटलीतला ऑक्सिजन

कापूर, लवंग, ओवा, वर निलगिरी तेलाचे दोन-चार थेंब. फडक्यात बांधा, दिवसभर हुंगत रहा, ऑक्सिजन वाढतो! एप्रिल २०२१ मध्ये हा मेसेज आला नाही असं घर आमच्या विष्णुपुरीत शोधूनही सापडलं नसतं. मेडिकल कॉलेजचं मोठं सरकारी हॉस्पिटल इथेच. बाहेर अ‍ॅम्ब्युलन्सचे सायरन, आत घरोघरी कापराचा वास.

आमच्या मामींच्या उशाशीही पोटली होती. तापाच्या पाचव्या दिवशी ऑक्सिमीटर ९१ दाखवत होता. ९४ च्या खाली गेलं की दवाखाना, हे तेव्हा पोराटोरांनाही पाठ होतं. पण मामींचं भलतंच. "अरे, नाक कसं मोकळं मोकळं वाटायलंय. तुझं यंत्रच बिघडलंय." मग तेच यंत्र मामांच्या बोटाला लावलं. ९७. पुन्हा मामींना लावलं. ९१. वाद संपला, रिक्षा बोलावली. सहा दिवस ऑक्सिजनवर राहून मामी घरी आल्या.

गंमत म्हणजे मामी खोटं बोलत नव्हत्या. आपल्या नाकातल्या मज्जातंतूंवर टीआरपीएम८ नावाचं थंडी ओळखणारं प्रथिन असतं. गार हवा आत शिरली की ते जागं होतं आणि मेंदूला कळतं, श्वास चालू आहे. निलगिरीतलं सिनिऑल आणि पुदिन्यातलं मेंथॉल हेच बटण दाबतात, जास्तीची हवा न देता! सेन्सर ठीक, वायरिंग ठीक, इनपुट बनावट. १९८३ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी लोकांना कापूर, निलगिरी आणि मेंथॉलची वाफ हुंगायला दिली आणि नाकातला हवेचा अडथळा मोजला. अडथळा होता तेवढाच. बहुतेकांना मात्र श्वास मोकळा झाल्यासारखा वाटला. (तापमान आणि स्पर्शाच्या सेन्सरवरच्या कामाला नोबेल मिळालं तेही नेमकं २०२१ मध्येच. असो.)

ऑक्सिमीटर नाकाला विचारतच नाही. तो बोटातून लाल आणि इन्फ्रारेड प्रकाश सोडून रक्ताचाच हिशोब घेतो. त्यात कोविडची खोड अशी, की ऑक्सिजन बराच उतरला तरी कित्येकांना दम लागत नसे. म्हणजे एक अलार्म आधीच मुका, आणि दुसऱ्यावर आपण निलगिरी ओतलेली.

ही तेलं निव्वळ वासाची आहेत असंही नाही हं. ओव्यातलं थायमॉल जंतू मारतं, माउथवॉशमध्ये असतं. लवंगेतलं युजेनॉल दातांचे डॉक्टर आजही वापरतात. पण अंगात एवढा दम आहे म्हणजे ती चुकीच्या जागी तेवढीच त्रास देणार. कापूर पोटात गेला तर लहान मुलांना फिट्स येतात. एखाद्या ग्रॅमनेही तान्ह्याच्या जिवावर बेतू शकतं. म्हणूनच अमेरिकेत अंगाला लावायच्या औषधांत कापूर ११ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. आणि 'नैसर्गिक आहे हो' म्हणणाऱ्यांसाठी: आपल्या देवघरातला कापूर बहुतेक वेळा टर्पेंटाइनपासून कारखान्यात बनलेला असतो :)

घरात रांगतं मूल असेल तर कापराची डबी आजच वरच्या फळीवर ठेवा. निलगिरीची बाटलीही खोकल्याच्या औषधाशेजारून हलवा. रात्री झोपेत दोन्ही बाटल्या सारख्याच दिसतात.