इथे अनडू नाही!

घरच्या घरी गाणं रेकॉर्ड करणं आता भलतंच सोप्पं झालंय. लॅपटॉप, एक बरा माइक, फुकटातलं सॉफ्टवेअर... झाला स्टुडिओ! सूर हलला? सुधारा. श्वास ऐकू आला? कापा.

आमची ताई वर्षभर हेच करत होती. आठवडाभर आयटी कंपनी, शनिवारी गाणं. एकाच भावगीताचे तिच्याकडे तब्बल साठ टेक होते, पूर्ण गाणं मात्र एकही नव्हतं. शेवटी तुकडे जोडून, सूर सरळ करून एकदाचं ते तयार झालं. ऐकून ती एवढंच म्हणाली, "छान आहे गं, पण ही मी नाहीये." त्यानंतर दोन महिने तिने माइकला हात लावला नाही. लहानपणापासून घरभर गुणगुणणारी ताई गप्प! आईसुद्धा तिला गा म्हणायला बिचकायला लागली.

म्हणून मी एका मित्राकडून त्याच्या आजोबांचा स्पूल टेपरेकॉर्डर उसना आणला. आपल्याकडे किती तरी खासगी मैफिली रसिकांनी अशाच मशिनवर टिपून ठेवल्यात. पाहिला नसेल तर सांगते. सुटकेसएवढं धूड, त्यावर दोन चकत्या आणि मधून सरकणारी पाव इंच रुंदीची तपकिरी फीत. इरेज हेड आधीचं पुसतं, लगेच पुढचं रेकॉर्ड हेड नवा आवाज फितीवरच्या चुंबकीय कणांमध्ये उमटवतं. सात इंची स्पूलवर १८०० फूट टेप असेल, तर सेकंदाला साडेसात इंच वेगाने एका बाजूला ४८ मिनिटं मिळतात. नवी टेप आजही बनते, पण एका स्पूलच्या पैशांत दोघांचं झकास डिनर होईल. त्यामुळे साठ टेकची चैन विसरायची!

या मशिनवर घरबसल्या कमाल करणारा माणूस म्हणजे अमेरिकन गिटारवादक लेस पॉल. तो आणि त्याची बायको, गायिका मेरी फोर्ड, एकाच टेपवर गिटार आणि आवाजांचे थर चढवत जायचे. प्रत्येक नव्या थरासोबत आधीची टेप पुसली जायची. म्हणजे शेवटच्या थराला चुकलात, की सगळं पहिल्यापासून! १९५१ साली अमेरिकेत नंबर वन ठरलेलं 'हाउ हाय द मून' याच पद्धतीने झालं.

ताईला मी हा किस्सा सांगितला. ती हसली आणि कापसाच्या बोळ्याने हेड पुसायला लागली. म्हटलं, चला, निदान हात तरी लागला.

मशिनवर स्क्रीन नाही. फक्त दोन थरथरणाऱ्या सुया. वर्षभर ताई आपला आवाज बघत होती, हिरव्या-निळ्या डोंगररांगांसारखा. आता तिला तो ऐकण्यावाचून इलाज नव्हता. पहिला टेक झाला, पुसला. दुसरा झाला, तोही पुसला. प्रत्येक वेळी टेप मागे फिरेपर्यंत काही सेकंद नुसतं बसून राहायचं. त्या काही सेकंदांत ती डोळे मिटून काहीतरी ठरवत होती.

तिसऱ्या टेकला अंतऱ्यात आवाज किंचित कापला. वरच्या पट्टीत ती जोरात गेली, पण आवाज फाटला नाही. टेप अशा वेळी हळूच दबते, डिजिटलसारखी तडकत नाही. मागे बारीक सर्रर्र होतीच. मी बटणाकडे हात नेला, तशी ती म्हणाली, "थांब. हा ठेव."

लगेच त्याची कॉपी लॅपटॉपवर घेतली. टेप काही अमर नसते. १९७०-८०च्या दशकांतल्या कित्येक टेप दमट हवेने चिकट होऊन बसल्यात. लॅपटॉपशी आमचं भांडण नाहीच मुळी. ताईला फक्त "आता पुरे" म्हणायला शिकायचं होतं.

त्या फाइलचं नाव 'फायनल' आहे. पुढे टू नाही, थ्री नाही, 'फायनल फायनल' तर नाहीच नाही!