‘कुणाचे पाहुणे तुम्ही?’

पुण्यात भाड्याने फ्लॅट घेतलाय कधी? मग सगळा फंडा ठाऊक असेलच. ब्रोकर, डिपॉझिट, सॅलरी स्लिप, अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट आणि वर ‘बॅचलर नकोत’. लहान गावात हे सगळं सोपं असणार, असं मला वाटायचं. मैत्रिणीची बँकेत निलंग्याला बदली झाली, तेव्हा खोली शोधायला मीही सोबत निघाले. म्हटलं, नीलकंठेश्वराचं हेमाडपंती मंदिरही बघून होईल.

लातूरहून एस्टीने औसा मागे टाकत निलंगा. उतरल्या उतरल्या आधी प्लेटभर निलंगा राईस हाणला. पिवळाधमक, गरमागरम! पोट भरलं, आता छप्पर.

ब्रोकर काही भेटला नाही. चहावाल्याने किराणा दुकान दाखवलं, दुकानदाराने गल्ली. घरमालक म्हणजे खाली स्वतः राहणारं आणि वरची खोली भाड्याने देणारं कुटुंब. पहिल्या घरी काकांनी कौतुकाने पिलर दाखवले. “कॉलम टाकून बांधलंय, बघा.” ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपातलं किल्लारी इथून फार लांब नाही. व्ह्यूबिव्ह्यू नंतर, आधी पिलर!

मग इंटरव्ह्यू सुरू. “किती जण राहणार?” हा प्रश्न गोंगाटाचा नाही, पाण्याचा. २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. अशा जिल्ह्यात भाडेकरू घागरींत मोजतात. पुढचा प्रश्न, “कुणाचे पाहुणे तुम्ही?” म्हणजे गावात ओळखीचं कोण? सॅलरी स्लिप कुणी मागेना. ओळखीतल्या एकाने ‘पोरगी चांगली आहे’ म्हटलं की झालं. मला हे जाम आवडलं.

मग काकांनी आडनाव विचारलं. मैत्रिणीने सांगितलं. चहा आला, पण खोली पुतण्यासाठी ठेवायचीय हे काकांना नेमकं तेव्हाच आठवलं. दुसऱ्या घरी “मटण-मच्छी चालत नाही” म्हणाले. ती शाकाहारी निघाली, तर तिथेही एक पुतण्या निघाला.

तिसऱ्या घरी मी शहाणपणा केला. काकूंनी विचारताच माझंच आडनाव पुढे केलं. काकूंचा चेहरा खुलला. “मग तुमच्याच नावावर घ्या की!” मैत्रीण मुकाट्याने पायऱ्या उतरली. रस्त्यावर आल्यावर म्हणाली, “तुझ्या आडनावाच्या खोलीत मला झोप लागेल का गं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. ओळखीवर उघडणारं दार ओळखीवरच बंद होतं, हे मला त्या दुपारी कळलं. तिला ते लहानपणापासून माहीत होतं.

संध्याकाळी एका रिटायर्ड शिक्षिकाबाईंचं घर सापडलं. मैत्रिणीने आत शिरतानाच पूर्ण नाव सांगून टाकलं. बाईंनी ते वहीत लिहिलं आणि विचारलं, “मोटर सकाळीच लावायची, जमेल? गेट दहाला बंद होतं, चालेल? आणि आजारी पडलीस तर फोन कुणाला करायचा?” तिसऱ्या प्रश्नाला मैत्रिणीचा आवाज जरा हलला.

कराराचं मी मध्येच काढलं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. तो नसेल आणि वाद झाला, तर मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. बाई हसल्या, “करू की, भितेस कशाला?” करार कसा करायचा ते हा कायदा सांगतो. दार कुणाला उघडायचं, ते नाही.

मंदिर बघायचं राहिलंच. पुढच्या खेपेला नक्की. तेव्हा गल्लीत कुणी विचारलंच, ‘कुणाचे पाहुणे तुम्ही?’, तर मैत्रिणीचं नाव सांगेन. आडनावासकट.