पौषात रंगणारा बदाम

बेळगावजवळच्या काकतीत सर्व्हिस रोडच्या कडेला, चहाच्या टपरीमागे एक देशी बदाम उभा आहे. स्वभावाने संथ, पण ठाम. ऑक्टोबरात टोरोंटोहून भाच्याचे मेपलचे फोटो यायला लागतात, लालभडक, पिवळेधमक. त्याच आठवड्यात मी याचा फोटो काढते, तर हा गच्च हिरवा! काकती म्हणजे कित्तूरच्या राणी चन्नम्माचं माहेर. १७७८ साली ती काकतीच्या देसायांच्या घरात जन्मली. कित्तूरच्या सैन्याशी लढताना २३ ऑक्टोबर १८२४ रोजी इंग्रजांचा अधिकारी थॅकरे पडला, म्हणून कित्तूरचा उत्सव याच दिवसांत असतो. दसरा होऊन गेलेला असतो, शिवारात भात पिवळं पडायला लागलेलं असतं, आणि बदाम जसाच्या तसा. एकही पान त्याने अजून हातचं सोडलेलं नसतं.

बेळगावच्या बसची वाट बघताना मोबाईलवर त्याचा फोटो काढायचा, एवढाच माझा नेम. जागा तीच, वेळ शक्यतो सकाळची, आणि चौकटीच्या डाव्या कडेला टपरीच्या पत्र्याचा कोपरा आलाच पाहिजे. तो कोपरा महत्त्वाचा. त्याच्यामुळे दोन महिन्यांपूर्वीची फांदी आणि आजची फांदी एकमेकींशी ताडून बघता येते. तारीख फोन आपोआप नोंदवून ठेवतो. रोज बघणाऱ्याला झाडातला बदल कळत नाही, डोळा सरावतो. दिवाळीचा फोटो संक्रांतीच्या फोटोशेजारी ठेवला की मात्र कालपर्यंत न दिसलेलं सगळं एकदम दिसतं. इंग्लंडात नॉरफकच्या रॉबर्ट मार्शमने १७३६ पासून झाडांना पालवी कधी फुटते, पाखरं कधी येतात याच्या तारखा लिहून ठेवल्या, आणि त्याच्या घराण्याने ती वही १९५८ पर्यंत चालवली. आपल्या खिशात तर वहीही आहे आणि चित्रही. हे भाग्य वाया घालवू नये असं मला मनापासून वाटतं.

टपरीवाल्या मावशींचं मत वेगळं. "रोज काय फोटो काढतासा त्याचा? पानं झाडून झाडून माझी कंबर मोडली बगा. कचरा मला, आणि फोटो तुमाला!" त्यांचं खरंच आहे. बदामाचं पान म्हणजे काही चिंचेचं पान नव्हे. वीतभर लांब, चामड्यासारखं जाड, वाळलं की पत्र्यावर खडखडत पडतं. मावशी सकाळी झाडतात, दुपारच्या चहाला परत तेवढंच.

त्याचा बांधा बघण्यासारखा आहे. खोड सरळ वर जातं आणि ठरावीक उंचीवर फांद्यांचा एक आडवा घेर सुटतो. थोडं मोकळं अंतर, की पुन्हा घेर. छत्रीवर छत्री उघडून ठेवावी तशी ही मजल्यांची रचना. पानं सगळी फांदीच्या टोकाशी झुबक्याने, त्यामुळे मधून आभाळ दिसतं. मूळचा हा समुद्रकाठचा. साडेसातशे मीटर उंचीवरच्या या पठारावर माणसांनी सावलीसाठी लावला आणि तो रुळला. फळं धरली की रात्री वटवाघळं येतात. गर ती खातात, कठीण कोय खाली टाकतात, आणि शाळेची पोरं दगडाने ती फोडून आतली बारीकशी गिरी काढतात. कष्ट फार, हाती दाणा एवढासा, तरी पोरं सोडत नाहीत.

मार्गशीर्षात रंगाला सुरुवात होते. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या यात्रेला निघालेल्या गाड्या हमरस्त्याने जात असतात, सकाळी धुकं असतं, आणि कुठल्यातरी खालच्या झुबक्यात एका पानाला गंजल्यासारखा डाग पडतो. तिथून पुढे घाई नाही. पौषात मी एक पान उचलून खिडकीच्या उजेडात धरलं होतं. शिरांच्या मधला भाग गडद लाल, शिरांलगत अजून हिरव्या रेषा, कडेला नारिंगी. आणि मधोमध एक फिकट पिवळा पट्टा, त्याची कड अगदी सरळ. वरच्या पानाची सावली तेवढ्या जागेवर पडत होती. पिवळा रंग पानात आधीपासूनच असतो, हरितद्रव्य ओसरलं की तो उघडा पडतो. लाल रंग, अँथोसायनिन, मात्र पान शेवटच्या दिवसांत नव्याने तयार करतं, आणि त्याला ऊन लागतं. म्हणून झाकलेल्या जागी लाली धरली नव्हती. मधल्या काळात झाड पानातलं जेवढं कामाचं तेवढं परत ओढून घेतं, देठाच्या बुडाशी पेशींचा एक थर सैल होतो, आणि मग वाऱ्याचंही निमित्त लागत नाही.

मेपलला दिवस लहान झाल्याची आणि थंडीची खूण पटते. आपल्याकडच्या पानगळीमागे बरंचसं पाण्याचं गणित असतं. पाऊस गेला, जमीन हळूहळू सुकली, पानांतून पाणी उडवणं परवडेनासं झालं, की झाडं आवरतं घेतात. म्हणूनच आपल्याकडे शरदात नाही, शिशिरात पानं झडतात. परदेशातले फोटो बघून ऑक्टोबरात इथली झाडं न्याहाळणाऱ्याला वाटतं, आपल्याकडे असं काही होतच नाही. होतं. दोन-तीन महिने थांबायची तयारी हवी.

पण या बदामाबद्दल मला खरं अप्रूप वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. आपल्या मुलखात पानांचा लाल-तांबूस रंग बहुधा कोवळेपणाचा असतो. आंब्याची नवी पालवी तांबूस, पिंपळाची तांब्याच्या झळाळीची, आणि घाटाकडे गेलात तर चैत्रातला कुसुंब पुरता लालबुंद. साग जाताना पिवळा पडतो, मग करडा. पळस पानं टाकून मोकळा होतो आणि शिमग्याला फुलांनी पेटतो, पण ती फुलं. जाणाऱ्या पानाला असा भरजरी रंग चढवणारं, गावाच्या रस्त्यावर सहज भेटणारं झाड म्हणजे हा बदाम. जन्माचा रंग त्याने निरोपाला वापरला आहे. त्यातही तो सगळं एकदम उधळत नाही. माघातल्या एकाच फोटोत वरच्या मजल्यावर लाल पानं, मधल्या मजल्यावर नुसत्या काड्या आणि खाली एका टोकाला पोपटी कोंब, असं तिन्ही सापडतं. फार दिवस उघडा तो राहत नाही. फाल्गुनात नव्या पानांवरून ऊन नुसतं निथळत असतं, आणि पोपटी रंग इतका झगझगीत की फोनला तो नीट पकडता येत नाही.

यंदा एक फांदी टपरीच्या पत्र्यावर घासायला लागली आहे. वारं सुटलं की आवाज होतो, पत्र्याचा खिळाही उचकटलाय, तेव्हा ती छाटायचं ठरलं आहे. मी मावशींना म्हटलं, छाटा, पण तेवढीच एक, आणि पौष जाऊ दे. त्या म्हणाल्या, "पौषातच तर ती जास्त कचरा करत्या की!" मग जरा थांबून म्हणाल्या, "बरं, संक्रांत झाल्यावर बगू." संक्रांत पौषातच येते, हे त्यांनाही ठाऊक आहे. त्यामुळे पुढच्या आठवड्यात पुन्हा विषय काढावा लागणार.