गवत कोणाचं?

गोल्फ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? टीव्हीवर चुकून लागलेला चॅनेल, पांढरी टोपी घातलेले काका आणि झोपलेल्या बाळाला जाग येऊ नये अशा आवाजात बोलणारा कॉमेंटेटर. आमच्या चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. उघड्या माळावर एका बॉलच्या मागे चार तास चालायचं, हे कोणी हौसेने करेल यावर इथे कुणाचा विश्वास बसणार नाही. पण मागच्या वर्षी इंटर्नशिपसाठी दोन महिने पुण्याला मामाकडे राहिले आणि ही हौस मलाही लागली.

मामाला कंपनीकडून एका मोठ्या क्लबची मेंबरशिप आहे. "शिकून घे, मोठी कामं ऑफिसात नाही, इथं ठरतात," हे त्याचं तत्त्वज्ञान. सहा रविवार ड्रायव्हिंग रेंजवर हात दुखेपर्यंत बॉल मारल्यावर मला पाहुणी म्हणून खऱ्या कोर्सवर प्रवेश मिळाला. कॉलरचा टी-शर्ट हवा, जीन्स चालत नाही. कॉन्व्हेंटमध्ये तेरा वर्षं काढल्यामुळे असल्या नियमांचं मला काही वाटलं नाही, आणि तिथल्या इंग्रजीचंही नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पूर्ण कोर्सला १८ होल. प्रत्येक होलला 'पार' ठरलेला, म्हणजे चांगल्या खेळाडूने किती फटक्यांत बॉल आत घालावा तो आकडा. सगळे मिळून साधारण ७२. बॅगेत जास्तीत जास्त १४ स्टिक्स. आणि ज्याच्यासाठी एवढा खटाटोप ते भोक फक्त १०८ मिलिमीटरचं, तांब्याच्या तोंडाएवढं! अंपायर नसतो. आपले फटके आपणच मोजायचे आणि खरे सांगायचे. आपल्या व्हायव्हात अशी सोय असती तर काय बहार झाली असती!

पहिला होल पार चारचा, मला नऊ लागले. दुसऱ्यावर बॉल झुडपात गेला तो गेलाच. तिसऱ्या होलला मध्ये तळं होतं. स्टिक फिरवली, 'टक्' असा कोरडा आवाज आला, आणि बॉल पाण्यावरून जो गेला तो पलीकडे हिरवळीवर जाऊन पडला. त्या तीन-चार सेकंदांसाठी लोक आयुष्यभर हा खेळ खेळतात हे मला तेव्हा कळलं. बॉलवरच्या खळग्यांमुळे हवा त्याला जास्त वेळ चिकटून राहते, मागचा ओढ कमी होतो. गुळगुळीत बॉल जेमतेम निम्मं अंतर जाईल. फ्लुइड मेकॅनिक्सच्या लेक्चरला हे ऐकलं होतं, डोळ्यांनी त्या दिवशी पाहिलं.

भोकाभोवतीचं ग्रीन हा तर सिव्हिलवाल्यांचा विषय आहे. खाली पाइप, त्यावर गिट्टीचा थर, त्यावर फूटभर वाळूची माती, आणि सगळ्यात वर तीन-चार मिलिमीटरपर्यंत कापलेलं गवत. इथे बॉल जमिनीवरून लोटायचा असतो, आणि सपाट दिसणारी जमीन सपाट नसते. माझी बॅग उचलणारे कॅडीकाका उकिडवे बसले, हिरवळीकडे बघितलं आणि म्हणाले, "ताई, डावीकडं दोन बोटं धरा. पाणी तिकडं उतरतं." मी धरली. बॉल वळला आणि आत गेला.

मला एकदम आजी आठवली. माझं आजोळ गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यात. जंगलात चालताना आजी अशीच जमीन बघते आणि पाणी कुठे मुरतं, कुठे साचतं ते सांगते. तिच्या गावात जंगलाच्या प्रत्येक तुकड्याला नाव आहे. गंमत म्हणजे कॅडीकाकांचंही तसंच. स्कोअरकार्डावर होलला नंबर असतात. ते मात्र पाचव्याला 'चिंचेचा' म्हणत होते आणि सातव्याला 'बांधावरचा'. चिंच कुठे दिसेना, बांधही नाही. विचारलं तर म्हणाले, "होती की. आम्ही गुरं इथंच आणायचो." आवाजात तक्रार नव्हती. सोमवारी मेंबर लोकांना सुट्टी असते, तेव्हा तेही खेळतात. त्यांचा हात माझ्या मामापेक्षा कितीतरी सरस आहे, हे मामानेच सांगितलं.

मुंबईत चेंबूरच्या गोल्फ क्लबात कॅडीचं काम करणारी मुलं शेजारच्या झोपडपट्टीच्या गल्ल्यांत वाकवलेल्या सळ्या आणि प्लॅस्टिकचे बॉल घेऊन गोल्फ खेळतात. खेळ त्यांना येतो. हिरवळ तेवढी दुसऱ्याची असते.

नऊ होलला माझे ६३ फटके झाले. सुट्टीत आजोळी गेले तेव्हा मोबाइलवर आजीला फोटो दाखवले. तिने डोळ्यांजवळ धरून बघितले. नातीच्या कॉलरवाल्या टी-शर्टचं काही नाही. म्हणाली, "एवढं गवत! अन् गुरं कोनाची आहेत तिथं?"

मी हसले, पण प्रश्न डोक्यातून जाईना. परत आल्यावर लायब्ररीत वाचत बसले. कळलं ते असं की गोल्फचं माहेर मानलं जाणारं स्कॉटलंडमधलं सेंट अँड्र्यूज ही मुळात गावाची सामाईक जमीन. आजही तिथला ओल्ड कोर्स सहसा रविवारी खेळाला बंद असतो आणि गावकरी त्यावर फिरायला येतात. म्हणजे गोल्फ जन्मला गायरानात! इंग्रजांनी तो १८२९ मध्ये कलकत्त्याला आणि १८४२ मध्ये मुंबईला आणला तो मात्र क्लबचा खेळ म्हणून. गायरान मागेच राहिलं.

आमच्याकडे अशा सामाईक हक्काला 'निस्तार' म्हणतात. कोणत्या गावाने कोणत्या जंगलातून गवत, सरपण, बांबू न्यायचा याची जुनी सरकारी नोंद. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये आजीच्याच तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. एका गोल्फ कोर्सला साठेक हेक्टर लागतात असं धरलं तर तिथे तीस कोर्स बसतील. मी हा हिशेब आजीला सांगितला नाही, उगाच घाबरायची.

दुसरी बाजूही बघा. ताडोब्यात जामणी आणि नवेगावचे लोक गाव सोडून बाहेर आले. त्यांच्या शेतांच्या जागी आता कुरण आहे, त्यावर चितळ चरतात आणि वाघ बघायला जिप्सी थांबतात. तिथलं गवतही सांभाळावंच लागतं. ते वाघासाठी, क्लबातलं मेंबरसाठी. दोन्हीकडे आधी कुणाची तरी गुरं होती. दोन्ही सारखेच असं मी म्हणत नाही. वाघाला दुसरी जागा नाही, मेंबरला आहे. पण गवत बघितलं की आता मला आधी आजीचाच प्रश्न सुचतो.

आणि तरीही खरं सांगू? तळ्यावरून गेलेला तो बॉल मी विसरू शकत नाही. या दिवाळीत मामा पुन्हा नेणार आहे आणि मी जाणार आहे. मामाला म्हटलं आहे, जमलं तर सोमवारी जाऊ, कॅडीकाकांचा खेळ बघायचा आहे. आजीचा निरोपही द्यायचा आहे. ती विचारते, एवढं गवत रोज कापतात तर ते टाकतात कुठं?