लंडनची बस मुंबईला येते

मुलांनो, तुमच्यापैकी किती जण दुमजली बसमध्ये बसले आहेत? मुंबईची मुले लगेच हात वर करतील. "आम्ही डबलडेकरमध्ये बसलो आहोत, अगदी वरच्या मजल्यावर, पुढच्या खिडकीशी!" असे ती सांगतील. बरोबर आहे. २०२३ च्या फेब्रुवारीपासून मुंबईत विजेवर चालणाऱ्या, थंडगार हवेच्या दुमजली बस धावू लागल्या. पण मी सांगणार आहे ती बस वेगळी. ती डिझेलवर धडधडत चालायची. तिच्या वरच्या मजल्यावर पुढच्या बाकावर बसले की वारा थेट तोंडावर यायचा. ती बस १५ सप्टेंबर २०२३ रोजी मुंबईच्या रस्त्यांवर शेवटची धावली. तिचे वय संपले होते.

मुंबईत पहिली मोटारबस धावली ती १५ जुलै १९२६ रोजी, अफगाण चर्चपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत. दुमजली बस आली १९३७ साली. त्याआधी १९२० पासून दुमजली ट्रामही होती. दोन मजले कशासाठी, असे तुम्ही विचाराल. गर्दीच्या शहरात रस्त्याची लांबी वाढवता येत नाही. एका बसच्या जागेत जवळजवळ दोन बसची माणसे बसवायची असतील, तर एक मजला वर चढवणे हाच उपाय. ही युक्ती लंडन शहराने आधीच वापरली होती. त्यामुळे आपल्या जुन्या दुमजली बस लंडनच्या बसची धाकटी बहीण शोभत. रंगही दोघींचा लालच.

माझे बाबा याच बसवर कंडक्टर होते. तेही वरच्या मजल्याचे! लंडनच्या बसला दोन मजल्यांना मिळून एकच कंडक्टर असे. मुंबईत मात्र दोन असत, एक खाली आणि एक वर. बाबांनी नोकरीची बहुतेक वर्षे जिना चढण्यात आणि उतरण्यात काढली. आता त्यांचे वय झाले आहे. काचबिंदूमुळे त्यांची नजर कमी कमी होत गेली. या आजारात आधी कडेचे दिसेनासे होते, मग हळूहळू समोरचेही. गेलेली नजर परत येत नाही, असे डॉक्टरांनी आम्हांला स्पष्ट सांगितले होते.

अशा दिवसांत माझा भाचा लंडनहून आला. त्याने माझ्यासाठी एक मोठा खोका आणला. त्यात लंडनच्या प्रसिद्ध 'रूटमास्टर' बसच्या प्रतिकृतीचे सुटे भाग होते. रेवेल नावाची जर्मन कंपनी असे संच बनवते. प्लॅस्टिकच्या काड्यांच्या चौकटींत शेकडो लहानमोठे तुकडे अडकवलेले असतात. ते एकेक करून सोडवायचे, घासायचे, जोडायचे आणि रंगवायचे. मी शाळेत हस्तकला शिकवते, म्हणून भाच्याला वाटले की मावशीला हे आवडेल. आवडलेच. पण खोक्यावरचे चित्र मी बाबांना वर्णन करून सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "छान आहे. पण ही आपली बस नाही."

मी त्याच दिवशी ठरवले, ही बस आपली करायची.

रूटमास्टरचा पहिला नमुना लोकांनी १९५४ साली पाहिला. ८ फेब्रुवारी १९५६ रोजी ती प्रवासी घेऊन रस्त्यावर आली. १९६८ पर्यंत अशा २,८७६ बस तयार झाल्या. तिचे अंग ॲल्युमिनियमचे, म्हणून वजनाला हलके. खाली २८ आणि वर ३६ अशी ६४ माणसे तिच्यात बसत. ९ डिसेंबर २००५ रोजी लंडनमधली तिची नेहमीची सेवा बंद झाली. म्हणजे दोघी बहिणी निवृत्तच म्हणायच्या! आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की इंग्लंडमध्येही वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. त्यामुळे ड्रायव्हर उजवीकडे आणि चढायची जागा मागे डाव्या कोपऱ्यात, जिनाही तिथेच. बाबांच्या जुन्या बसची मांडणीही हीच होती. ही बस अमेरिकेची असती, तर मला सगळेच उलटे करावे लागले असते.

संचाचे प्रमाण १:२४ होते. म्हणजे खऱ्या बसचे २४ सेंटीमीटर तेथे १ सेंटीमीटर. खरी बस सुमारे ८ मीटर ३८ सेंटीमीटर लांब. प्रतिकृती ३५ सेंटीमीटर. उंची १८ सेंटीमीटर, रुंदी १०. माझे बाबा १६८ सेंटीमीटर उंच आहेत, म्हणून त्यांची बाहुली बरोबर ७ सेंटीमीटरची. हा हिशेब तुम्हीही करून पाहा. आपले घर, आपला वर्ग १:२४ मध्ये केवढा होईल? मजा येते.

आता खरी अडचण सुरू होत होती. प्रतिकृती करताना रंग सर्वांत शेवटी देतात. आधी जोडणी, मग भेगा बुजवणे, पॉलिश कागदाने घासणे, मग अस्तराचा रंग आणि त्यावर खरा रंग. रोज शाळा सांभाळून हे करायला मला काही महिने लागणार होते. बाबांची नजर तोपर्यंत थांबेल याची खात्री नव्हती. बसचा लाल रंग कसा होता हे तर मला त्यांनाच विचारायचे होते. जुने फोटो काही कामाचे नसतात. कागदावरचा लाल रंग वर्षांनी विटतो.

म्हणून मी कामाचा क्रम बदलला. टाकाऊ प्लॅस्टिकच्या तीन पट्ट्या घेतल्या आणि त्यांवर तीन वेगवेगळे लाल रंग दिले. सकाळी दहाच्या उन्हात बाबांना खिडकीशी बसवले. ते मान थोडी वळवून, उरलेल्या नजरेच्या टप्प्यात एकेक पट्टी आणून बराच वेळ पाहत राहिले. पहिली पट्टी त्यांनी लगेच बाजूला ठेवली. "ही टपालाच्या पेटीची." दुसरी आणि तिसरी आलटून पालटून पाहिली. मग तिसरी माझ्या हातात दिली. "ही. पण पावसात भिजलेली असताना." मी ती पट्टी पाण्यात बुडवून पुन्हा दाखवली. ते नुसते हसले. त्या रंगाची बाटली मी कपाटात जपून ठेवली आणि मगच करवत हातात घेतली.

एक गोष्ट मात्र माझ्या मनात पक्की झाली होती. बस तयार होईल तेव्हा बाबा ती डोळ्यांनी पाहू शकणार नाहीत, बोटांनीच पाहतील. असे असेल तर सगळे कामच वेगळ्या रीतीने करायला हवे. दुकानातल्या संचात आकडे आणि पाट्या चिकटचित्रांच्या रूपात असतात. त्या डोळ्यांना छान दिसतात, पण बोटाला लागत नाहीत. तसेच बस एकदा चिकटवून बंद केली, की आत बोट जाणार कसे?

म्हणून मी टप चिकटवलाच नाही. टपाच्या आतल्या कडेला प्लॅस्टिकची अरुंद पट्टी लावली, चार कोपऱ्यांत गोळीएवढे लोहचुंबक बसवले. आता टप डब्याच्या झाकणासारखा उघडतो. वरचा मजलाही तसाच उचलता येतो, आणि खाली खालचा मजला दिसतो. दोन बाकांच्या रांगांमधली वाट दोन सेंटीमीटरहून थोडी कमी आहे. बाबांचे बोट दीड सेंटीमीटर रुंद. मी हिशेब केला, तर ते बोट म्हणजे त्या बसमध्ये ३६ सेंटीमीटर रुंदीचा माणूस झाला. गर्दीत आडवे होऊन चालणारा कंडक्टर साधारण तेवढाच!

प्लॅस्टिकचा गोंद मोठा गमतीचा असतो. तो दोन तुकडे नुसते चिकटवत नाही, तर त्यांच्या कडा थोड्या विरघळवतो. सुकल्यावर दोन्ही तुकडे एकजीव होतात. म्हणूनच चिकटवण्याआधी तुकडे नुसते एकमेकांवर ठेवून पाहावे लागतात. गोंद लागल्यावर माघार नाही. खिडक्यांच्या पारदर्शक तुकड्यांना मात्र झटपट चिकटणारा गोंद कधीही लावू नका. त्याच्या वाफेने काच धुरकट होते. तेथे साधा पांढरा गोंद बरा. वरच्या मजल्याच्या पुढच्या खिडक्यांना मी काच लावलीच नाही, कारण बाबांच्या आठवणीत तिथे वारा होता.

चढायच्या जागेचा दांडा संचात प्लॅस्टिकचा होता. बोटाने चाचपडताना तो मोडला असता. खरा दांडा सुमारे तीन सेंटीमीटर जाड असतो. त्या मानाने सव्वा मिलिमीटर जाडीची पितळी तार घेतली. ती तळाला आणि वरच्या मजल्याच्या तळाला भोक पाडून बसवली. घंटीची दोरी करण्यासाठी एक जुनी युक्ती वापरली. तुकडे अडकवलेल्या चौकटीची काडी मेणबत्तीच्या ज्योतीपासून जरा वर धरून फिरवायची. ती मऊ झाली, की ज्योतीपासून दूर नेऊन दोन्ही हातांनी अलगद ओढायची. केसासारखा बारीक धागा निघतो. (घरात कोणी मोठे माणूस जवळ असल्याशिवाय हे करू नका, बरे का.) पण बाबांच्या बोटाला तो धागा जाणवेना. मग मी शिवणाचा जाड दोरा मेण लावून दोन्ही मजल्यांच्या छताखाली ताणला.

समोरच्या पाटीचा आकडा करायला मला सर्वांत जास्त आनंद झाला. मुंबईच्या जुन्या दुमजली बसवर पुढे आकडा मराठीत असे आणि बाजूला इंग्रजीत. बाबांनी शेवटची वर्षे ज्या मार्गावर काढली तो १३८. अर्धा मिलिमीटर जाडीच्या प्लॅस्टिकच्या पत्र्यातून मी तीन आकडे कापले आणि पाटीवर उठावाने लावले. १ आणि ३ च्या वळणांना चार ब्लेडे लागली. ८ मात्र लगेच जमला.

राहिली माणसे. वरच्या मजल्यावरची बाहुली मी मधल्या वाटेत सरळ उभी केली होती. बाबांनी तिला हात लावला आणि म्हणाले, "असा उभा राहिला तर पहिल्या वळणावर पडेल. अगं, आमच्या दोन्ही हातांत काम असायचं. एका हातात तिकिटं, दुसऱ्या हातात पंच. दांडा धरायला हात कुठला? आम्ही कंबर बाकाच्या कोपऱ्याला टेकवायचो." मग त्यांनी उठून स्वयंपाकघराच्या ओट्याला कंबर टेकवून मला तसे उभे राहून दाखवले. एक पाय थोडा पुढे, गुडघा सैल, दोन्ही हात मोकळे. मी बाहुलीची कंबर कापून तिला तसे वळण दिले. तिच्या हातातले तिकीट तिळाएवढे आहे.

"आणि खाली कोण?" त्यांनी विचारले.

खाली कोण, हे मला ठाऊक होते. मदनपुऱ्यात राहणारे एक कंडक्टर कितीतरी वर्षे बाबांच्या जोडीला होते. आम्ही मुले त्यांना चाचा म्हणत असू. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. पण चाचांच्या दोन घंट्यांमधले अंतर ऐकून खाली किती गर्दी आहे ते कळे, असे बाबा सांगतात. चाचा आपला दिवसाचा हिशेब एका लहान वहीत उर्दू आकड्यांत लिहीत. ती वही पाहून पाहून बाबाही उर्दू आकडे वाचायला शिकले. घरी दूधवाल्याचा हिशेब ते कॅलेंडरवर त्याच आकड्यांत लिहीत, आणि आई चिडत असे, कारण तिला तो वाचता येत नसे! चाचा आता नाहीत. मी त्यांची बाहुली दांड्याजवळ उभी केली आणि सदऱ्याच्या खिशात कागदाची बारीक वही ठेवली. वही बोटाला लागेल इतकी खिशाबाहेर काढून ठेवली आहे.

मग रंग दिला. जाड एक थर देण्यापेक्षा पातळ चार थर द्यावेत, म्हणजे आकड्यांच्या कडा बुजत नाहीत. कपाटातली बाटली निम्मी संपली. तो लाल रंग वाळला, तोपर्यंत बाबांना खिडकीतला उजेड आणि अंधार एवढेच कळत होते.

बस त्यांच्या मांडीवर ठेवली, तेव्हा त्यांनी सुरुवात मागून केली, जशी कोणीही प्रवासी करील. दांडा सापडला. जिन्याच्या पायऱ्या एका नखाने मोजल्या. टप उचलून बोट वाटेतून सरकवत ते पुढच्या बाकापर्यंत गेले आणि परत आले. खाली चाचांच्या खिशाशी मात्र बराच वेळ थांबले. मग पुढे येऊन पाटी चाचपली. "एक... तीन... आठ." रंग कोणता दिला हे त्यांनी विचारले नाही. तो त्यांनीच निवडला होता.

बस आता त्यांच्या पलंगाशेजारच्या फळीवर असते. शेजारची मुले येतात, टप उघडतात, बाबा त्यांना कोण कुठे उभे आहे ते सांगतात. आरसे अजून लावायचे आहेत. इतक्या उघडझापीमुळे टपाचा एक चुंबक सैल झाला आहे. तो या रविवारी बसवीन.